ओतशाळेतील संगणक आणि मिस्त्रींची नजर



कारखान्यात संगणक आला की कारागिराचे ज्ञान निरुपयोगी ठरते, असा एक समज सर्वत्र आढळतो. कोल्हापूरच्या फौंड्री उद्योगाकडे पाहिले तर चित्र निराळे दिसते. शेतीच्या ऑइल इंजिनांचे भाग घडवता घडवता तेथे ओतकामाची परंपरा रुजली. आज शिरोली, गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतून मोटारी, ट्रॅक्टर आणि पंपांचे ओतीव भाग बाहेर पडतात.

या कामात खरा कस लागतो तो धातू थिजताना. थंड होताना धातू आकसतो. पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग मागाहून. त्या वेळी त्यास धातूचा पुरवठा झाला नाही, तर पोटात पोकळी राहते. वरून सुबक दिसणारा भाग यंत्रावर कापल्यावर सच्छिद्र निघतो आणि तोवरची सारी मेहनत भंगारात जाते. हे टाळण्यासाठी साच्यात ‘रायझर’ म्हणजे धातूचा राखीव साठा ठेवतात. तो कोठे व केवढा असावा, हे वर्षानुवर्षे मिस्त्रींच्या नजरेने ठरत आले. अंदाज चुकला की पॅटर्न बदला, भट्टी लावा, पुन्हा ओता.

आता हीच परीक्षा संगणकाच्या पडद्यावर घेता येते. भागाची त्रिमित आकृती, धातूचा प्रकार, ओतण्याचे तापमान एवढे दिले की कोणता बिंदू सर्वांत शेवटी थिजेल, हे रंगांत उमटते. जर्मनीचे ‘मॅग्मासॉफ्ट’ यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु मुंबईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांच्या संशोधनातून ‘ऑटोकास्ट’ ही भारतीय प्रणाली उभी राहिली, हेही आवर्जून सांगितले पाहिजे. लाकडी पॅटर्नही आता प्रत्येक वेळी लागतोच असे नाही. वाळूचे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ थर पसरून, त्यांवर नेमक्या जागी बंधक द्रव्य फवारत यंत्र थेट साचा रचते. मोजके नग हवे असतील तेथे ही रीत उपयोगी. हजारोंच्या उत्पादनाला जुनी पद्धतच परवडते.

२०११ साली जर्मनीतील हॅनोव्हरच्या प्रदर्शनात ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द पुढे आला आणि तेव्हापासून परिसंवादांना तोटा नाही. पण संगणक वाळू मुठीत धरून पाहत नाही. वाळूतील ओलावा किंवा धातूचे तापमान चुकीचे भरले, तर पडद्यावर उमटते ते केवळ रंगीत असत्य!

पावसाळ्यात वाळूचा स्वभाव कसा पालटतो, कोणत्या आकाराला कोठे दगा बसतो, हे ज्यांना ठाऊक आहे ते जुने मिस्त्री निवृत्त होत आहेत. पुष्कळांची मुले भट्टीच्या धगीपाशी येऊ इच्छीत नाहीत. त्यांच्यासमवेत जाणारे हे ज्ञान बहुधा कोठेही लिहिलेले नसते. फसलेल्या प्रत्येक ओतीवाची तारीख, तापमान, ओलावा आणि दोषाची जागा नोंदवायला आरंभी एक वहीसुद्धा पुरते. पुढे त्या नोंदी दूरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाणार असतील, तर करार संपल्यावर त्या परत मिळतील काय, हे सही करण्यापूर्वीच विचारलेले बरे.

अशा नोंदी वर्षभर साठल्या की मिस्त्रींचा अनुभव आणि तरुण अभियंत्याचा आलेख एकाच टेबलावर येतात. पहिला वाद बहुधा रायझरच्या जागेवरूनच होतो.