नाव नसलेला आजार



"रिपोर्ट नॉर्मल आहेत," असं डॉक्टर म्हणाले की हायसं वाटायला हवं. पण ज्याचे सांधे रोज ठणकतात, जिना चढताना ज्याच्या पायांतलं बळ जातं, त्याला हेच वाक्य फार जड जातं. मग घरात कुणी म्हणतं, "मनाचे खेळ आहेत," कुणी म्हणतं, "दृष्ट काढा." आजाराला नाव मिळत नाही, म्हणून माणसाच्या बोलण्यावरचा विश्वासच उडतो.

आजाराचं नाव शोधणाऱ्या एका बापाची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या यूटामध्ये मॅट माइट हे संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा मुलगा बर्ट्रांड 2007 साली जन्मला. त्याचा हालचालींवर ताबा नव्हता, फिट्स यायच्या, आणि रडला तरी डोळ्यांत अश्रू येत नसत. कित्येक तपासण्यांनंतर 2012 मध्ये एनजीएलवाय-वन या जनुकातला दोष सापडला. पण असा दुसरा रुग्ण कुणालाच माहीत नव्हता, आणि तो मिळाल्याशिवाय निदान पक्कं होईना. तेव्हा वडिलांनी मुलाची लक्षणं बारकाव्यांसकट इंटरनेटवर लिहिली. ती वाचून इतर कुटुंबं पुढे आली. 2014 मध्ये अशा आठ रुग्णांची माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रोगाला नाव मिळालं, तरी औषध नव्हतं. बर्ट्रांड 2020 मध्ये गेला. पण त्याच्यानंतरच्या मुलांच्या आईवडिलांना आता अंधारात चाचपडावं लागत नाही.

म्हणून सांगते, "अंग दुखतं" एवढ्यावर थांबू नका. सकाळी बोटं किती वेळ आखडतात, संध्याकाळी पापण्या जड होतात का, ताप कधी चढतो, हे तारखेसह वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. ऑनलाइन समदुःखी जरूर शोधा. "मलाही असंच होतं" या शब्दांनी मोठा धीर येतो. मात्र तिथे कुणी सुचवलेलं औषध परस्पर घेऊ नका.

आपल्याकडे, भारतात, दुर्मीळ आजारांसाठी 2021 मध्ये राष्ट्रीय धोरण आलं. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र आहे. तिथे दाखवावं का, हे आपल्या डॉक्टरांना विचारा. मन खचलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक फिरवा.

आणि घरच्यांना कळकळीची विनंती: रिपोर्ट नॉर्मल आला तरी आपल्या माणसाचं दुखणं खरं माना. पुढच्या वेळी दवाखान्यात त्याला एकट्याला पाठवू नका.