शरीरांतील दोरखंड

नांदेड जिल्ह्यांतील लोहा तालुक्यांत माळेगांव येथें मार्गशीर्ष महिन्यांत खंडोबाची यात्रा भरते. श्रोत्यांपैकीं कांहींनीं ती पाहिलीही असेल. तेथील जनावरांच्या बाजारांत तांबड्या रंगाचे लाल कंधारी बैल विक्रीस येतात. पूर्वीं विहिरींवर मोटा चालत, तेव्हां बैल जी मोट ओढीत ती बहुधा कातड्याचीच असे. भरल्या मोटेचा भार सोसूनही तें कातडें सहसा फाटत नसे. हें बळ त्यांत कोठून येत असावें?

तें बळ कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचें होय. मनुष्याच्या शरीरांतील एकूण प्रथिनांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा याच प्रथिनाचा असतो. त्वचेचा चिवटपणा, स्नायू हाडांस जोडणाऱ्या कंडरांची ताण सोसण्याची शक्ति, सांध्यांतील कूर्चेची बळकटी, हें सारें त्याचेंच देणें. हाडांत चुन्याचे क्षार कोलॅजेनच्या जाळ्यांतच बसतात. क्षारांनीं हाडास कठीणपणा येतो. कोलॅजेनमुळें तें ठिसूळ राहत नाहीं. डोळ्याच्या पारदर्शक पटलांतही त्याचेच तंतु असतात, मात्र अत्यंत शिस्तीनें रचलेले.

त्याची घडण दोरखंडासारखी आहे. १९५४-५५ सालीं मद्रास विद्यापीठांत जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनीं असें दाखविलें कीं, कोलॅजेनमध्यें तीन साखळ्या एकमेकींभोंवतीं पिळलेल्या असतात. प्रत्येक साखळींत दर तिसरी जागा ग्लायसीन या सर्वांत लहान ॲमिनो आम्लाची असते. पिळाच्या गाभ्यांत त्याहून मोठें कांहीं मावतच नाहीं.

कातडें किंवा हाडें पाण्यांत उकळलीं म्हणजे हा पीळ सुटतो व सरस तयार होतो. शरीराच्या उष्णतेंत मात्र तो टिकावयास हवा. त्यासाठीं साखळ्यांवर एक रासायनिक संस्कार व्हावा लागतो, आणि त्या संस्कारास 'क' जीवनसत्त्व अवश्य असतें. तें न मिळाल्यास स्कर्व्ही हा रोग जडतो. हिरड्यांतून रक्त येतें, जखमा भरत नाहींत. इंग्रज दर्यावर्दी ॲन्सन याच्या १७४० ते १७४४ च्या जगप्रवासाच्या वृत्तांतांत, पन्नास वर्षांपूर्वीं भरलेली एकाची जखम या रोगांत पुन्हा उघडल्याची नोंद आहे. भरलेल्या जखमेंतील कोलॅजेनही झिजतें व पुन्हा विणलें जातें. विणकाम थांबतांच जुनी शिवण उसवते.

बैलास ही चिंता नाहीं. हें जीवनसत्त्व तो आपल्या यकृतांतच तयार करतो. मनुष्याची ती शक्ति उत्क्रांतीच्या ओघांत लोपली. म्हणूनच ताटांतील लिंबाची फोड, आवळा अथवा पेरू हीं केवळ रुचीकरितां नव्हेत. शरीराचा दोरखंड त्यांच्याच आधारानें रोज नव्यानें वळला जातो.