जादा पाणी कोणाचे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी एकीने उठून चार शब्द बोलायचे, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. गेल्या वर्षी लोणच्यांवर भाषण झाले, ते सर्वांना फार आवडले. यंदा पाळी माझी आली आणि मी विषय निवडला दोन राज्यांतून वाहणाऱ्या नदीचा करार. तो ऐकून चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, हा पुरुषांचा विषय!" मी त्यांना विचारले, रात्री दोन वाजता नळाला पाणी येते तेव्हा आपल्या घरातला कोणता पुरुष उठतो? त्यावर त्या हसल्या आणि विषय मंजूर झाला.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. वाचनालयातली वर्तमानपत्रे मी नेमाने वाचते आणि आकडेमोड मुलाकडून समजावून घेते. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. जे कळले ते सांगते.

आधी घरचीच गोष्ट घेते. मी लग्न होऊन वसईला आले तेव्हा सासरच्या वाडीत बावखल होते. विरार-नालासोपाऱ्याकडे नव्याने राहायला आलेल्या भगिनींसाठी सांगते की बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे, वाडवडिलांनी खणून ठेवलेले. (आता कितीतरी बावखले बुजली आणि त्यांवर इमारती झाल्या, पण तो विषय निराळा.) आमचे बावखल तीन घरांत मिळून होते. केळी, पानवेल, मोगरा, सारे त्याच पाण्यावर. प्रत्येक घराचे दिवस ठरलेले. श्रावणात त्या दिवसांची कोणी आठवणसुद्धा काढीत नसे, कारण पाणी काठाला लागलेले असे. वैशाखात पाणी बुडाशी गेले की दिवसांचे तास होत, आणि मग घड्याळावरून तोंडातोंडी.

त्याच बावखलाच्या काठी एक खोपट होते. वाडीत कामाला येणारे कुटुंब त्यात राही. त्यांची पाळी नव्हती. ती बाई हंडा घेऊन येई आणि विचारून पाणी नेई. सासूबाईंनी तिला कधी नाही म्हटले नाही. पण कोणी नाही न म्हणणे वेगळे आणि आपली पाळी असणे वेगळे. पाळी असली की विचारावे लागत नाही. माझे आजचे सगळे भाषण या एका गोष्टीवर आहे, एवढे ध्यानात ठेवा म्हणजे पुढचे आकडे जड जाणार नाहीत.

आपल्या देशात पाणी हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय. नदी दोन राज्यांतून वाहिली आणि भांडण झाले, तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे लवाद नेमता येतो. राज्यांनी आपसांत करार केला तर उत्तमच. पण अशा कराराने रोजचा कारभार कसा चालतो? त्याचे मला सापडलेले चांगले उदाहरण म्हणजे बाभळी.

बाभळी हे गाव नांदेड जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी. तेथे महाराष्ट्राने बंधारा बांधला. खाली पोचमपाडचे मोठे धरण, तेव्हा आंध्रात, २०१४ पासून तेलंगणात. आंध्रचे म्हणणे असे की हा बंधारा आमच्या धरणाच्या फुगवट्यातच येतो, आमचे पाणी वरच्या वर अडेल. महाराष्ट्राचे म्हणणे, १९७५ च्या कराराने आम्हाला जो हिस्सा दिला आहे त्यातलेच हे पाणी. बंधाऱ्याची कुवत २.७४ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. आपल्या भाषेत सुमारे २,८३१ कोटी लिटर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बंधारा राहू द्या, पण त्याचे दरवाजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत वर उचललेले ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी अडणार नाही. त्यानंतर दरवाजे पाडून पाणी साठवा. आणि १ मार्चला ०.६ टीएमसी खाली सोडा. देखरेखीला तिघांची समिती, दोन्ही राज्यांचा एकेक माणूस आणि केंद्रीय जल आयोगाचा एक.

आमच्या तीन घरांच्या पाळ्यांसारखेच हे झाले, नाही का? तारीख ठरलेली, माप ठरलेले, बघायला तिसरा माणूस. नांदेडकडचे शेतकरी या निकालावर खूष नाहीत. ऑक्टोबरच्या अखेरीस दरवाजे पाडायचे, तोवर पाऊस परतलेला, मग बंधाऱ्यात साठणार काय? त्यांचे गाऱ्हाणे खोटे नाही. तरीही एक मार्च म्हणजे एक मार्च. खालच्या राज्याला हात जोडून मागावे लागत नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ.

दमणगंगा नाशिक जिल्ह्यात दिंडोरीच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. तिला वाघ नावाची नदी मिळते, ती आपल्या मोखाडा-जव्हारच्या मुलखातून येते. पुढे दमणगंगा गुजरातेत शिरते. तेथे मधुबन धरण आहे. त्याचे पाणी गुजरात, दादरा-नगरहवेली आणि दमण यांना मिळते. सिल्वासा, वापी करीत ती दमणजवळ समुद्राला मिळते. एवढीशी नदी, जेमतेम १३१ किलोमीटरची, आणि धनी किती!

या नदीचे पाणी मुंबईला आणायचे अशी योजना आहे. ३ मे २०१० रोजी केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात त्रिपक्षी सामंजस्य करार झाला. त्यात दोन नदीजोडांचे सविस्तर अहवाल तयार करायचे ठरले. एक पार-तापी-नर्मदा, गुजरातच्या फायद्याचा. दुसरा दमणगंगा-पिंजाळ, मुंबईच्या फायद्याचा. देणे-घेणे दोन्हीकडून, आणि म्हणून ओढाताणही दोन्हीकडून. आमच्या हद्दीतले जे पाणी पार-तापी-नर्मदेत जाईल त्याचा मोबदला तापीच्या खोऱ्यात द्या, असे महाराष्ट्र म्हणत राहिला.

दुसऱ्या जोडाचा अहवाल २०१४ साली पुरा झाला. त्याची रचना अशी की दमणगंगेवर नाशिक जिल्ह्यात भुगड येथे एक धरण आणि वाघ नदीवर जव्हार तालुक्यात खारगीहिल येथे दुसरे. तेथून बोगद्यांनी पाणी पिंजाळ नदीवरच्या नियोजित धरणात न्यायचे आणि पुढे मुंबईला. बोगद्यांचीच लांबी चाळीस किलोमीटरहून अधिक. वर्षाला ५७७ दशलक्ष घनमीटर पाणी. मुलाकडून हिशेब करून घेतला, दिवसाला सुमारे १५८ कोटी लिटर पडते. धरणे अजून उभी राहिलेली नाहीत, योजना मात्र कोणी टाकून दिलेली नाही.

पिंजाळ कोठे जाते हे ठाऊक आहे ना? ती वैतरणेला मिळते. सूर्याही वैतरणेलाच मिळते आणि तानसाही. विरारहून पुढे गाडीने जाताना पुलाखाली जी खाडी दिसते, ती या सगळ्या बहिणींची मिळून झालेली आहे. तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे मोडकसागर झाले, अप्पर वैतरणा झाले, मध्य वैतरणा झाले, सारे मुंबईसाठी. आपण खाडीच्या तोंडाशी बसून टँकरवाल्याला फोन लावतो.

पण आज मला आपले रडगाणे गायचे नाही. मला एका शब्दाबद्दल बोलायचे आहे. तो शब्द म्हणजे 'जादा'.

नदीजोडाच्या हिशेबात नदीत किती पाणी येते ते मोजतात. त्यातून खालच्या धरणाची, शेतीची, कारखान्यांची, शहरांची गरज वजा करतात. उरते ते जादा पाणी. ते दुसरीकडे न्यायला हरकत नाही, असा हिशेब. कागदावर चूक काही नाही. आपणही महिन्याच्या किराण्याचा हिशेब असाच करतो. पण किराण्याच्या यादीत घरातले एक माणूस धरायचेच राहिले, तर जे उरले ते शिल्लक म्हणायचे का?

आमच्या इमारतीशेजारी दोन वर्षांपूर्वी बांधकाम चालू होते. मोखाड्याकडचे एक आदिवासी कुटुंब तेथे कामाला होते. दिवाळीनंतर आले, पावसाच्या तोंडावर गेले. तिकडची पुष्कळ माणसे अशीच वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर इकडे येतात. त्यातली बाई आमच्याकडे प्यायचे पाणी भरायला येई. एकदा मी सहज म्हटले, "ताई, तुमच्याकडे पाऊस एवढा, नद्या एवढ्या, तुम्हाला पाण्याची काय ददात?" ती म्हणाली, "पाऊस पडतो आन् जातो. होळी झाली की आम्ही झऱ्यावर रात्री नंबर लावतो. वाटी-वाटीनं हंडा भरायचा."

मी हे नीट ताडून पाहिले. जव्हार-मोखाड्याला वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मराठवाड्याच्या तिप्पट. पण खाली काळा फत्तर, उतार तीव्र, पाणी मुरत नाही, चार महिन्यांत वाहून जाते. अडवायला छोटे बंधारे पुरेसे नाहीत. नदी खोल दरीत आणि पाडे डोंगरावर, मग नदीला पाणी असले तरी ते वर आणायचे कसे? म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात तेथल्या पाड्यांना टँकर लागतात. ज्या खोऱ्यात पाणी 'जादा' आहे, त्याच खोऱ्यात टँकर!

करारावर सह्या तिघांच्या. दोन राज्ये आणि केंद्र. खोपटातली बाई त्यात नाही. दोन्ही धरणांखाली जाईल ती जमीन आणि जंगलही आदिवासी गावांचेच. तिला वगळून तिच्याच काठावर पाळ्या ठरल्या. कायदा तिला अगदीच विसरला आहे असे नाही. १९९६ चा पेसा कायदा सांगतो की अनुसूचित क्षेत्रात प्रकल्पासाठी जमीन घेण्याआधी ग्रामसभेला, नाहीतर पंचायतीला विचारले पाहिजे. जव्हार-मोखाडा त्या क्षेत्रात येतात. आणि विचारले नाही तर माणसे स्वतःहून बोलतात. पलीकडे गुजरातेत डांग-वलसाडच्या आदिवासींनी पार-तापी-नर्मदेविरुद्ध मोर्चे काढले, तेव्हा मे २०२२ मध्ये तेथल्या मुख्यमंत्र्यांना हा जोड रद्द करीत असल्याचे जाहीर करावे लागले.

कोणी म्हणेल, बाई, हे सारे मुंबईचे पाप, आपला काय संबंध? संबंध आहे. आपल्या नळाला येणारे पाणी बरेचसे सूर्येचे आहे. धामणी आणि कवडास ही धरणे बांधली ती डहाणू, पालघर, विक्रमगडकडच्या शेतीला कालव्याने पाणी मिळावे म्हणून. पुढे शहरे वाढली आणि पाण्याचा मोठा वाटा शहरांकडे वळला. नवी योजना झाली ती ४० कोटी ३० लाख लिटरची. त्यात १८ कोटी ५० लाख आपल्या वसई-विरारला, २१ कोटी ८० लाख मीरा-भाईंदरला. तिकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला, मोर्चे काढले. आपल्याकडे २०२३ च्या अखेरीस हे पाणी येऊ लागले तेव्हा आपण आनंद केला, आणि करायलाच हवा होता. दिवसाआड पाण्यावर लेकुरवाळीने संसार कसा करायचा ते आपण जाणतो. मी कोणालाही नळ बंद करा म्हणणार नाही. मुंबईलासुद्धा नाही, तेथेही चाळीतल्या बाया पहाटे चारला उठतात.

माझे म्हणणे एवढेच की नव्या करारात बाभळीसारखी तारीख आणि माप असावे, पण ते फक्त खालच्या राज्यासाठी नसावे. धरणाच्या वरच्या अंगाला आणि काठाला जे पाडे आहेत, त्यांना फेब्रुवारी ते जून या महिन्यांत रोज किती पाणी मिळणार, ते वर चढवायचा पंप कोणी चालवायचा आणि विजेचे बिल कोणी भरायचे, हे आकड्यांत लिहावे. आणि हे आधी वजा करून मग जे उरेल त्याला जादा म्हणावे. पाड्यांना पाणी देऊच असे तोंडी सांगतात, पण तोंडी म्हणजे माझ्या सासूबाईंसारखे झाले. त्या होत्या तोवर खोपटातल्या बाईला हंडा मिळाला.

या मजकुराचे एक पत्र मी लिहून आणले आहे. आपले आमदार, खासदार आणि जलसंपदा खाते, तिघांना पाठवायचे आहे. सभा संपल्यावर ते टेबलावर ठेवते. ज्यांना पटेल त्यांनी सही करावी, ज्यांना पटत नसेल त्यांनी चहा घेताना माझ्याशी भांडावे, मला आवडेल.

आणखी एक. दरवर्षी आपली सहल गणपतीपुळ्याला नाहीतर महाबळेश्वरला जाते. यंदा एप्रिलमध्ये जव्हार-मोखाड्याला जायचे असे कार्यकारिणीत ठरले आहे. वाघ नदी पाहू आणि दोन पाड्यांवरच्या महिलांना भेटू. तसा निरोप तिकडे गेला आहे. गाडीत जागा चोवीसच आहेत, नावे खजिनदारबाईंकडे द्यावीत. जेवणाचा डबा ज्याचा त्याने आणायचा. प्यायचे पाणीही येथूनच भरून न्यायचे, पाड्यावर कोणाच्या घरी मागायचे नाही.