हातांतील बिनतारी

सह्याद्रींतल्या माणसाला एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर निरोप पोंचविण्याची गरज फार जुनी आहे. १६६० सालीं घोडखिंडींत बाजीप्रभु झुंजत असतां विशाळगडाकडील तोफांच्या आवाजाकडे त्यांचे कान लागले होते, ही कथा महाराष्ट्रांतील शाळेच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. तोफ सांगूं शके ती एकच गोष्ट, आणि तीहि एकाच दिशेनें. तिला उलट कांहीं विचारण्याची सोय नव्हती. विचारणें आणि उत्तर मिळविणें हीं दोन्ही कामें हातांत मावणाऱ्या एका डबीनें साधावीं, ही किमया विसाव्या शतकाची.

कॅनडांतील डोनाल्ड हिंग्ज यांनीं १९३७ सालीं रानावनांत उतरणाऱ्या वैमानिकांसाठीं उचलून नेतां येण्याजोगें बोलतें बिनतारी यंत्र रचलें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत अल्फ्रेड ग्रॉस या तरुणानें त्याच जातीचें यंत्र तयार केलें. मग दुसरें महायुद्ध आलें आणि शिपायाच्या पाठीवर सुमारें सोळा किलोंचा संच चढला; हातांत धरावयाचा जो लहान संच होता, त्याचें वजनहि सव्वादोन किलोंच्या घरांत होतें. हा लष्करी सरंजाम घरगुती होण्यास पन्नासाहून अधिक वर्षें लागलीं. अमेरिकेनें १९९६ सालीं आणि युरोपांतील राष्ट्रांनीं १९९८ नंतर कुटुंबांना व प्रवाशांना वैयक्तिक परवान्याशिवाय बोलतां यावें म्हणून कांहीं कंपनसंख्या मोकळ्या केल्या. शक्ति ठरविली ती अवघी अर्धा वॅट. आज असा वॉकी-टॉकीचा जोड थोडक्या पैशांत मिळतो आणि सदऱ्याच्या खिशांत राहतो.

घरोघरीं मोबाईल असतां हें दुसरें ओझें कशाला, असा प्रश्न साहजिकच निघेल. परंतु मोबाईल हा मनोऱ्याचा आश्रित आहे. दहा पावलांवर उभीं असलेलीं दोन माणसें मोबाईलवर बोलूं लागलीं, तरी त्यांचा शब्द आधीं मनोऱ्याकडे जातो आणि तेथून परत येतो. घाटाच्या वळणांत किंवा गडाच्या पोटांत मनोऱ्याचा आधार तुटला, कीं हजारों रुपयांचें यंत्र नुसतें घड्याळ होऊन बसतें. वॉकी-टॉकीला मध्यस्थ लागत नाहीं. एका हातांतून निघालेली लहर सरळ दुसऱ्या हातांत येते.

‘सरळ’ हा शब्द मात्र अक्षरशः घ्यावयाचा आहे. ४४६ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारें ६७ सेंटिमीटर असते. इतकी आंखूड लहर डोंगराला वळसा घालून फारशी पलीकडे जात नाहीं. यंत्राच्या वेष्टनावर आठ-दहा किलोमीटरांचा आंकडा मोठ्या दिमाखानें छापलेला असतो. तो अगदींच खोटा नसतो. पण तो जेथें खरा ठरतो तें ठिकाण म्हणजे एक शिखर आणि त्याच्या समोरचें दुसरें शिखर. शहराच्या गल्ल्यांत, सिमेंटच्या इमारतींमधून, हाच आवाज अर्धा-एक किलोमीटर गेला तरी पुष्कळ झालें. मोकळ्या माळावर दोन-तीन किलोमीटरांची आशा धरावी. अधिक वॅटांचें यंत्र घेतल्यानें हा प्रश्न सुटेल, हीहि एक भाबडी समजूत आहे. अगदीं मोकळ्या अवकाशांतसुद्धां शक्ति चौपट करावी तेव्हां अंतर दुप्पट होतें. आणि मध्यें कातळ उभा असला, तर त्या चौपट शक्तीचाहि फारसा उपयोग होत नाहीं.

राजगडाचेंच उदाहरण घ्यावें. या गडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या असून मध्यभागीं सर्वांहून उंच असा बालेकिल्ला आहे. समजा, मुंबईहून आलेलें एक कुटुंब सकाळीं पद्मावती माचीवर पोंचलें. थोरला मुलगा मित्रासह संजीवनीच्या टोंकाकडे निघाला. धाकटी बहीण काकांचें बोट धरून सुवेळेचें नेढें पाहावयास गेली. आई आणि मावशी देवळापाशीं विसांवल्या. तिन्ही ठिकाणीं एकेक यंत्र आहे, म्हणून सर्वजण निर्धास्त. दुपारीं मुलगा संजीवनीवरून हांक मारतो, “काका, ऐकूं येतें का?” उत्तर नाहीं. तो पुन्हां हांक मारतो. नुसती खरखर. यंत्र बिघडलेलें नसतें, काकाहि बेसावध नसतात. दोघांच्या मध्यें बालेकिल्ल्याचा प्रचंड खडक उभा असतो. देवळापाशीं बसलेल्या आईला कदाचित् एका बाजूचें ऐकूं येईल, दुसऱ्या बाजूचें येईलच असें नाहीं. मात्र त्याच वेळीं कोणी जाणतें माणूस बालेकिल्ल्याच्या माथ्यावर असेल, तर त्याला दोन्ही माच्या दिसतात, आणि ज्याला दोन्ही दिसतात त्याला दोन्हीकडचें ऐकूंहि येतें. “काका, दादा म्हणतो, तो परत फिरला आहे,” एवढें एक वाक्य त्यानें इकडचें तिकडे केलें, कीं काम झालें. (बालेकिल्ल्याची चढण अवघड आहे, केवळ निरोपासाठीं तीवर पोराबाळांना पाठवूं नये.)

आतां हीच गोष्ट सायंकाळची आहे असें समजावें. ऊन उतरलें आहे, वारा सुटला आहे, आणि संजीवनीकडून उत्तर येत नाहीं. ज्या आईच्या हातांत यंत्रच नसतें, ती वाट पाहात बसते. जिच्या हातांत यंत्र असून तें मुकें आहे, तिच्या मनांत तेवढ्या वेळांत नाहीं नाहीं तें येऊन जातें. मग कोणी घाईनें शोधावयास निघतें, वाटेंत चुकामूक होते, आणि हरवलेला एक असतो त्याचे दोन होतात. यंत्रानें धीर द्यावा तेथें यंत्रानेंच गोंधळ माजविला, असें होतें. म्हणून निघण्यापूर्वीं आवाज कोठवर जाईल हें पाहण्याइतकेंच, आवाज न आल्यास काय करावयाचें हेंहि ठरविणें अगत्याचें आहे. घड्याळें जुळवावीं. दर अर्ध्या तासाला प्रत्येकानें शक्य तितक्या मोकळ्या व उंच जागीं उभें राहून हांक द्यावी. मधल्या वेळांत यंत्र बंद ठेवल्यास बॅटरीहि वांचते. लागोपाठ दोन हांकांना उत्तर आलें नाहीं, तर पुढें न जातां ठरलेल्या जागीं परतावें. वाट चुकलेल्या मुलानें मात्र जागा सोडूं नये, थांबून हांक देत राहावें, हें त्याला आधींच समजावून सांगितलेलें असावें. एवढा करार झाला असला, कीं एक हांक चुकली म्हणजे संकट आलें असें कोणी मानीत नाहीं.

आणखी एक गैरसमज धोक्याचा आहे. या चॅनलांवर पोलीस किंवा दुसरें कोणी पहाऱ्यावर बसलेलें नसतें. अपघात झाल्यास ११२ हा क्रमांक मोबाईलवरूनच फिरवावा लागतो, आणि त्यासाठीं मनोऱ्याच्या टप्प्यांत यावें लागतें. वॉकी-टॉकीचा उपयोग इतकाच, कीं खालीं उतरून मदत आणणारा आणि जखमी माणसापाशीं बसलेला, यांच्यांत कांहीं अंतरापर्यंत तरी धागा राहतो.

दोन मोटारींनीं घाट उतरणाऱ्या कुटुंबालाहि हीं यंत्रें फार उपयोगीं पडतात. पुढच्या गाडींतल्यानें “वळणावर दरड आली आहे, सांवकाश या” असें सांगितलें, कीं मागच्यांस सावध होण्यास वेळ मिळतो. मोटारीच्या पत्र्यानें लहर बरीचशी अडते, म्हणून यंत्र कांचेजवळ उभें धरावें. बोलण्याचें काम मात्र शेजारी बसलेल्यानें करावें. चालकानें दोन्ही हात चाकावर ठेवावेत.

बोलण्याची रीतहि थोडी शिकावी लागते. या यंत्रावर एका वेळीं एकच जण बोलूं शकतो. कळ दाबावी, क्षणभर थांबावें आणि मग बोलावें. तसें न केल्यास पहिला शब्द कापला जातो, आणि “येऊं नका” मधला ‘नका’ तेवढा पोंचतो! बोलणें संपतांना “बोला” असें म्हणून कळ सोडावी. कांहीं यंत्रांवर ‘प्रायव्हसी कोड’ नांवाची सोय असते. तिच्यामुळें परक्यांचें बोलणें आपल्या कानीं पडत नाहीं इतकेंच; आपलें बोलणें त्या चॅनलवर कोणालाहि ऐकतां येतें. घराची किल्ली कोठें ठेवली आहे, हें यंत्रावर सांगूं नये.

खरेदीच्या वेळीं सर्वांत अधिक फसगत होते ती कायद्याच्या बाबतींत. भारतांत २०१८ च्या नियमांनीं ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढाच अरुंद पट्टा अशा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्यावांचून मोकळा केला आहे. बाजारांत याहून स्वस्त आणि याहून जबर यंत्रें मिळतात. तीं वाटेल त्या कंपनसंख्येवर लावतां येतात, म्हणूनच तीं घेऊं नयेत. पोलीस, अग्निशामक दल यांच्या बोलण्यांत खेळतां खेळतां अडथळा आणणें हा केवळ पोरखेळ नव्हे. इंटरनेटवरून होणाऱ्या अशा विक्रीला आळा घालण्यासाठीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२५ सालीं मार्गदर्शक तत्त्वेंहि काढलीं. यंत्र वरील पट्ट्यांतलें आहे काय आणि त्याला दूरसंचार खात्याची मान्यता आहे काय, हीं दोन उत्तरें दुकानदाराकडून मिळाल्यावांचून पैसे देऊं नयेत. अमेरिकेंत राहणारा भाऊ किंवा भाचा मोठ्या हौसेनें तिकडचा जोड भेट म्हणून आणतो. त्याचें मन मोडूं नये, पण तो जोड येथें चालवूंहि नये; अमेरिकेंतील कौटुंबिक यंत्रें ४६२ व ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात, आणि ती जागा येथील मोकळ्या पट्ट्याबाहेर आहे.

पावसाळ्यांत यंत्र मेणकापडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पिशवींत ठेवावें. पिशवींतूनहि कळ दाबतां येते. सुटे सेल कोरड्या डबींत वेगळे न्यावेत. सहलीहून परतल्यावर यंत्रांतले सेल काढून ठेवावेत. महिनोन् महिने तसेच राहिलेले सेल पाझरतात, आणि पुढच्या सहलीच्या सकाळीं सर्व मंडळी चपला घालून दारांत उभी असतां यंत्र उघडावें, तों आंत हिरवट बुरशीसारखा थर चढलेला दिसतो.