उन्हाला कापड, कामाला सावली
(डोंबिवलीच्या बैठकीतील भाषण)



गावाकडून पोटासाठी इथे डोंबिवलीला आलेली आपली पोरे सुटीत घरी जाताना उन्हाचे क्रीम नेतात. कातडीचा कॅन्सर होऊ नये म्हणून लावायचे, असे सांगतात. त्या क्रीममागची हकिगत आपण समजून घेऊ.

ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांची वस्ती आणि ऊन कडक, म्हणून कातडीचा कॅन्सर फार. तिथल्या व्हिक्टोरिया प्रांतातल्या कॅन्सरविरोधी संस्थेने १९८१ साली मोहीम काढली : सदरा घाला, क्रीम लावा, टोपी घाला. नुसते सांगून काम थांबले नाही. टोपी नसेल तर पोराने सावलीतच खेळायचे, असा नियम शाळांनी केला. मेलॅनोमा नावाचा जीवघेणा कॅन्सर तिथल्या चाळिशीच्या आतल्या लोकांत आता कमी झाला आहे.

आपली कातडी सावळी. तिच्यातला रंग उन्हाचा बराच मारा अडवतो, म्हणून उन्हाने होणारा कातडीचा कॅन्सर आपल्यात कमी. पण म्हणून ऊन आपल्याला सोडते का? १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर सरकारी सोहळ्याला लोक उघड्यावर बसले होते. १४ माणसे दगावली. आपल्याला ऊन कातडीवाटे नाही, उष्माघाताने मारते.

ठाणे महापालिकेने २०२४ साली उष्णतेचा कृती आराखडा केला. चांगले झाले. पण चैत्र-वैशाखात पऱ्हाटी उपटणाऱ्याचे आणि वखर हाकणाऱ्याचे काय?

कापड आपल्याकडे आहेच. लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा चढवून कापूस वेचणाऱ्या बाईला ऑस्ट्रेलियाने काही शिकवायला नको. डोक्याला रुमाल आहे, पदर आहे. नाही ती सावली आणि नाही ती दुपारची सुटी. या दोन गोष्टी एकट्याच्या हातात नाहीत. मजूर एकटा थांबला तर मजुरी बुडते. सगळ्या गावाने ठरवले तर कोणाचीच बुडत नाही.

तेव्हा आपण ठरवू. पाडव्यापासून मृगापर्यंत शेतातले काम पहाटे सुरू करायचे, अकराला थांबायचे, चारनंतर पुन्हा लागायचे. मजुरी पूर्ण द्यायची. बांधावर पाण्याचा माठ आणि सावली हवीच. आणि उन्हाळ्यात आपली एकही सभा भर दुपारी उघड्यावर घ्यायची नाही.

एक शेवटचे. कमरेला लुगड्याची किंवा धोतराची गाठ काचून पडलेली, भाजल्याच्या जुन्या वणावरची, कोणतीही जखम महिनाभरात भरली नाही तर डॉक्टरला दाखवा. मुंबईच्या डॉ. खानोलकरांनी धोतराच्या काचाने होणाऱ्या कॅन्सरची नोंद १९४५ सालीच केली आहे. तिथे क्रीम कामाचे नाही, गाठ सैल करावी लागते.