नाव घातलं, पुढे काय?



आम्ही बचत गटाच्या दहा जणी. गुरुवारी तालुक्याच्या बाजाराला पापड, शेवया, चटण्या घेऊन जातो. एसटी स्टँडच्या मागच्या भिंतीला लागून काही कुटुंबं प्लास्टिकच्या पालांत राहतात. त्यांची मुलं स्टँडवर बाटल्या वेचतात, फुगे विकतात, कधी हात पसरतात. आम्ही ती वर्षानुवर्षं पाहत होतो. पाहत होतो म्हणजे, मालाला हात लावतील म्हणून हाकलत होतो. खरं तेच सांगावं.

शेवटच्या फलाटाजवळ मिशनच्या एक सिस्टर पोतं अंथरून बसायच्या. पुढ्यात पाट्या आणि खडू. पहिले कित्येक दिवस त्यांनी शाळेचं नावही काढलं नाही. नखं कापायची, जखम धुवायची, गोष्ट सांगायची. बाटल्या मोजता मोजता मुलं अंक शिकली. आम्ही जुने कपडे घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "कपडे ठेवा, पण तासभर बसाल का?"

गटात वाद झाला. मिशनवाले मुलांचा धर्म बदलतील, असं काहीजणी म्हणाल्या. आम्ही सरळ सिस्टरनाच विचारलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मुलं सरकारी शाळेत जाणार. आईबाप सांगतील तेच नाव लागणार. रोज येऊन बघा." आमच्या थोरल्या काकूंना केडगावचं मुक्ती मिशन ठाऊक. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या उपाशी, निराधार मुलींना आणून तिथे आसरा दिला, लिहा-वाचायला आणि हातचं काम करायला शिकवलं. धर्मांतराचा आक्षेप त्यांच्यावरही आला. तो हवेतला नव्हता, तिथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. पण काकू म्हणाल्या, "त्या मुलींना आणायला तेव्हा दुसरं कोण गेलं होतं?" मग ठरलं, डोळे उघडे ठेवायचे आणि बसायचं.

तिथे दहा वर्षांची एक मुलगी होती. कडेवर कायम धाकटा भाऊ. बेरीज आमच्यापेक्षा भरभर करायची. तिला घेऊन शाळेत गेलो, तर जन्मदाखला मागितला, आधार मागितलं. आम्ही परत फिरणार होतो. सिस्टरनी पिशवीतून शिक्षण हक्क कायद्याचा कागद काढला. २००९ चा हा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष निम्मं सरलं असलं तरी नाव घालता येतं. मूल वयाप्रमाणे वर्गात बसतं आणि मागे राहिलेल्या अभ्यासासाठी त्याला वेगळं शिकवायचं असतं. मैत्रिणींनो, हे पाठ करून ठेवा. तोंडी सांगितलेलं ऐकत नाहीत, कागद दाखवला की ऐकतात.

नाव लागलं. आम्ही गणवेश शिवला, पेढे वाटले. आठव्या दिवशी मुलगी पुन्हा स्टँडवर.

आम्ही तिच्या आईला बोलायला गेलो, जरा तोऱ्यातच. ती म्हणाली, "ताई, मी पहाटे भंगार वेचायला जाते. पोरगं कोणाजवळ ठेवू? पोरीच्या बाटल्यांचं संध्याकाळचं पीठ येतं, ते कोण देणार?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. ती मुलगी शाळेला कंटाळली नव्हती. घरातली दुसरी आई होती ती. हे आम्ही आधी विचारायला हवं होतं.

मग मिशनच्या एका खोलीत पाळणाघर सुरू झालं. आमच्यातल्या दोघी पाळीपाळीने तिथे बसतात. शाळेतल्या पोषण आहारामुळे दुपारचं जेवण सुटलं. पिठाचं कोडं पुरतं सुटलं नाही. भंगारवाला वजनात मारत होता, म्हणून सिस्टर आता आईबरोबर काट्यावर उभ्या राहतात. तेवढा फरक पडला. मुलगी सुटीच्या दिवशी अजून बाटल्या वेचते, आम्ही तिला अडवत नाही.

एक सांगायचं राहिलं. फलाटावर एकटं, चुकलेलं किंवा घाबरलेलं मूल दिसलं तर ते घरी नेऊ नका. १०९८ ला फोन करा. तो रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत. अशा मुलाला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. मात्र आईबापाजवळ पालात राहणारं मूल म्हणजे हरवलेलं मूल नव्हे. पाल दिसलं की लगेच फोन, असं करू नका. आधी आईशी बोला.

दिवाळीनंतर त्यांचं पाल उठलं, ऊसतोडीला गेलं. निघायच्या आदल्या दिवशी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड करून घेतलं, म्हणजे जातील तिथल्या शाळेत मुलीला बसता येईल. आईने ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलं. तिकडच्या शाळेतून अजून काही कळलेलं नाही. सिस्टर दर आठवड्याला फोन लावतात. फलाटावर आता नवी चार मुलं आली आहेत, आणि या गुरुवारी पोत्यावर बसायची पाळी आमची आहे.