चार वर्षांचा हिशोब

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या याद्या निघतात. प्रत्येक नावापुढे पहिल्या वर्षाची फी लिहिलेली असते आणि तेवढ्यावरून कॉलेज स्वस्त की महाग ते ठरते. माझ्या मते तुलना करायची ती चार वर्षांत घरातून प्रत्यक्ष किती पैसा जाणार याची. समजा, राहत्या गावच्या कॉलेजची फी वर्षाला ९५ हजार आहे आणि पुण्यातल्या कॉलेजची ७५ हजार. कागदावर पुणे स्वस्त. पण वसतिगृह, मेस आणि जाण्यायेण्याचे महिन्याला १० हजार धरून वर्षाचे दहा महिने मोजले, तर गावचे शिक्षण ३ लाख ८० हजारांत होते आणि पुण्याचे ७ लाखांत.

तसाच मोठा फरक पडतो तो प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला यामुळे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या वर्गातल्या मुलालाही राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून निम्मे शिक्षण शुल्क मिळू शकते. याच उत्पन्नमर्यादेतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५पासून पूर्ण शिक्षण शुल्क माफ आहे. पण त्यासाठी प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश फेरीतून झालेला हवा. त्याच वर्गात, त्याच बाकावर बसणाऱ्या मॅनेजमेंट कोट्यातल्या विद्यार्थ्याला ही सवलत नाही. अभिमत आणि खासगी विद्यापीठांतही नाही. म्हणून उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. खासगी विनाअनुदानित कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा. त्यावर डोनेशन मागणे हा १९८७च्या कायद्याने गुन्हा आहे. शिष्यवृत्तीची रक्कम यायला वेळ लागतो ही तक्रार खरी आहे. त्यामुळे पहिल्या हप्त्याची सोय हाताशी हवीच, पण तेवढ्यासाठी हक्काची सवलत सोडू नये.

कोणी म्हणेल, शिक्षणात पैसा काय मोजायचा, चांगले कॉलेज मिळाले की पगारातून सगळे वसूल होते. चांगले कॉलेज हवेच, पण ते जाहिरातीतल्या सर्वांत मोठ्या पॅकेजवरून कळत नाही. ते पॅकेज एखाद्यालाच मिळालेले असते. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजे जी माहिती भरतात, तीत किती जणांना नोकरी लागली आणि मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती, हे दिलेले असते. आपले मूल बहुधा त्या मधल्यांतच असेल, असे धरून चालावे.

दुसरे म्हणणे, पैसे नसले तर कर्ज काढता येते. वर सांगितलेले ७ लाख वर्षाला पावणेदोन लाखांप्रमाणे १० टक्के व्याजाने उचलले, तर शिक्षणाची चार वर्षे आणि नंतरचे सवलतीचे एक वर्ष मिळून सरळव्याजच २ लाख ४५ हजार होते. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच डोक्यावर साडेनऊ लाखांच्या घरात कर्ज. ते फेडायचे आहे बाविशी-तेविशीतल्या मुलाला किंवा मुलीला. कर्ज घेऊ नये असे मी म्हणत नाही, पण तुलनेत हे व्याजही धरले पाहिजे.

कॅपच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, तर पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही. म्हणून हा हिशोब ऑप्शन फॉर्म भरण्याआधी करा, आणि मुलांना शेजारी बसवून करा.